दहा लाखांत चाळीस

साडेबारा टक्के अल्कोहोल असलेली नाशिकची वाइन अर्धा मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दहा थेंब, काचेच्या बारीक नळीत घेतली, तर तिच्यात इथेनॉलचे रेणू किती असतील? सुमारे 64 वर 19 शून्ये. प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे सहा अणू. म्हणजे एकट्या इथेनॉलमधले हायड्रोजनच 38 वर 20 शून्ये इतके. रेणूची रचना समजून घेण्यासाठी या गर्दीचा कानोसा घेण्याची युक्ती म्हणजे केंद्रकीय चुंबकीय अनुनाद. प्रयोगशाळेत सगळे तिला एनएमआरच म्हणतात.

हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन, आणि तो इवलासा चुंबक असतो. नळी ठेवतात ती 11.7 टेस्लाच्या क्षेत्रात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हे अडीच लाख पटींहून अधिक. त्यासाठी तारेचे वेटोळे द्रवरूप हेलियममध्ये, उणे 269 अंशांवर बुडवून ठेवतात. तिथे तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो. या क्षेत्रात प्रोटॉनचा अक्ष सेकंदाला 50 कोटी गिरक्या घेतो. त्याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली की प्रोटॉन तिला साद देतात.

पण सगळे नाही. काही प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेने असतात, काही विरुद्ध, आणि उष्णतेच्या धडपडीमुळे दोन्ही गट जवळपास सारखेच भरतात. दहा लाखांत 5,00,020 एकीकडे, 4,99,980 दुसरीकडे. फरक फक्त 40 चा. 2011 च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे 14 लाख 86 हजार होती. या झाडून सगळ्यांनी दोन उमेदवारांत मतदान करावे आणि निकाल साठ मतांनी लागावा, तसा हा प्रकार. बाकीच्यांचा परिणाम एकमेकांत जिरून जातो. तरीही दहा थेंबांतल्या इथेनॉलमध्ये हे वरचढ प्रोटॉन सुमारे 15 कोटी अब्ज भरतात, म्हणून त्यांचा आवाज यंत्रापर्यंत पोचतो.

तो आवाज एकसुरी नसतो, हे 1951 मध्ये इथेनॉलनेच दाखवून दिले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे जेम्स अर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड यांना त्याचे तीन वेगळे संकेत मिळाले, तेही 3:2:1 या प्रमाणात. एका कार्बनवर तीन हायड्रोजन, दुसऱ्यावर दोन, ऑक्सिजनवर एक. रेणूने जणू आपली शिरगणतीच हाती दिली. कारण सोपे आहे. भोवतीचे इलेक्ट्रॉन प्रोटॉनला थोडा आडोसा देतात, ऑक्सिजन ते आपल्याकडे ओढून घेतो आणि त्याच्या जवळच्या प्रोटॉनचा आडोसा कमी होतो. यातल्या धर्मट्टींनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचे काम उभे केले.

50 कोटींच्या वारंवारतेत इथेनॉलच्या दोन कार्बनांवरच्या हायड्रोजनांमधला फरक असतो साधारण साडेबाराशेचा. शेजारच्या कार्बनवर किती हायड्रोजन आहेत, हे सांगणारी संकेताची फूट तर अवघ्या 7 ची, म्हणजे सात कोटींत एक भाग. एवढे बारीक अंतर मोजूनच कोणता अणू कोणाशेजारी बसला आहे ते कळते.

वाइनशी त्याचा थेट संबंध आहे. हायड्रोजनचे जड भावंड ड्युटेरिअम निसर्गात दहा लाखांत दीडशेच्या आसपास असते. इथेनॉलच्या टोकाच्या कार्बनवर मात्र ते द्राक्षाच्या साखरेपासून आल्यास शंभराच्या आसपास, उसाच्या साखरेपासून आल्यास एकशे दहाच्या आसपास भरते. फ्रान्समधील नांत विद्यापीठात जेरार मार्टिन आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात यावर तपासणीची पद्धत बसवली. वाइनमधला अल्कोहोल ऊर्ध्वपातनाने वेगळा काढायचा आणि त्यातले ड्युटेरिअम एनएमआरने मोजायचे. 1990 मध्ये युरोपीय समुदायाने ती वाइनच्या अधिकृत तपासणीसाठी स्वीकारली.

निफाड तालुक्यात द्राक्षबागा आणि उसाचे मळे एकाच शिवारात दिसतात. या दोन्हींची साखर आंबवून निघालेला अल्कोहोल रंगाने, वासाने, चवीने सारखाच. पिंपात उसाची साखर टाकून वाइनची तीव्रता वाढवणाऱ्याला जीभ फसवता येईल, पण दहा लाखांतल्या त्या दहा अणूंचा हिशेब ऊस कापणीआधीच लिहून ठेवतो आणि तो पिंपात बदलता येत नाही.