घरगुती जलतापक: पाणी न तापण्याची कारणे व निदान

घरगुती जलतापक (प्रचलित नाव: गीझर) हे स्नानासाठी व इतर घरगुती वापरासाठी पाणी तापवणारे उपकरण होय. महाराष्ट्रातील घरांत पूर्वी हे काम तांब्यापितळेचा बंब करीत असे. आता त्याची जागा विजेच्या, गॅसच्या व सौर जलतापकांनी घेतली आहे. पाणी तापणे बंद झाल्यास दोष बहुधा इंधन किंवा वीज, उष्णता देणारा भाग, नियंत्रक आणि पाण्याचा प्रवाह या चारांपैकी एका ठिकाणी असतो. त्याच क्रमाने शोध घेतल्यास निदान सोपे होते.

पुण्यातील पार्श्वभूमी

बंब हे दंडगोलाकार भांडे असून त्याच्या मध्यातून उभी नळी गेलेली असते. नळीत लाकूड, गोवऱ्या किंवा कोळसा जळतो आणि भोवतीचे पाणी तापते. पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळी अशा भांड्यांच्या घडणीसाठी प्रसिद्ध आहे. विजेच्या साहित्यासाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ओळखली जाते. गीझरचे सुटे भाग शोधणारे ग्राहक बहुधा तेथेच जातात. पेठांमधील जुन्या वाड्यांत वीजवाहिन्यांची जोडणी मागाहून झालेली असते. तेथे अर्थिंगचा अभाव, बारीक तारा आणि खिडकी नसलेली न्हाणीघरे आढळतात. त्यामुळे जलतापकातील बिघाडाचा विचार तेथे उपकरणापुरता मर्यादित ठेवता येत नाही.

साठवण गीझरची रचना

विजेच्या साठवण गीझरमध्ये उष्णतारोधक थराने वेढलेली टाकी, तापक (एलिमेंट), थर्मोस्टॅट, अतिउष्णतारोधक कटआउट, सुरक्षा व्हॉल्व्ह आणि मॅग्नेशियमचा दंड (अ‍ॅनोड) असतो. हा दंड स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. अशा गीझरसाठी भारतात आयएस २०८२ हे मानक आहे.

२ किलोवॉट क्षमतेच्या तापकाने १५ लिटर पाणी २५ अंशांपासून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापण्यास सुमारे १८ मिनिटे लागतात. २५ लिटरसाठी सुमारे ३१ मिनिटे. याहून फार अधिक वेळ लागत असेल तरच दोष मानावा. तापकाची शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाल्यास शक्ती ६१ टक्क्यांवर येते आणि १८ मिनिटांचे काम अर्ध्या तासावर जाते. अशा वेळी दोष गीझरचा नसून पुरवठ्याचा किंवा घरातील तारांचा असतो.

निदानाचा क्रम

१. दिवा लागत नसल्यास: प्रथम एमसीबी पडला आहे का ते पाहावे. गीझर १६ अँपिअरच्या सॉकेटलाच जोडलेला असावा. प्लगच्या पिना काळवंडल्या असतील किंवा सॉकेट गरम लागत असेल, तर जोड सैल आहे असे समजावे. असे सॉकेट त्वरित बदलावे.

२. दिवा लागतो, पण पाणी थंडच राहते: तापक तुटलेला असण्याची शक्यता अधिक. वीजपुरवठा मुख्य बटणापासून बंद करून आणि तारा सोडवून वायरमन मल्टिमीटरने तपासणी करतो. २ किलोवॉटच्या तापकाचा रोध सुमारे २६ ओहम, तर ३ किलोवॉटच्या तापकाचा सुमारे १८ ओहम येतो. रोध अनंत दाखवला, तर तापक बदलावा लागतो.

३. कटआउट उडालेला असल्यास: गीझर थंड झाल्यावर त्याचे बटण एकदा दाबून पाहावे. तो पुन्हा उडाला तर थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा टाकीत पुरेसे पाणी नाही असा अर्थ होतो. कटआउट काढून तारा थेट जोडणे हा काही ठिकाणी केला जाणारा ‘उपाय’ प्राणघातक आहे. थर्मोस्टॅट बिघडलेला असताना पाणी उकळतच राहते आणि सुरक्षा व्हॉल्व्हही अडकलेला असेल तर टाकी फुटू शकते.

४. पाणी हळूहळू तापते, आवाज येतो: तापकावर क्षारांचा थर बसला आहे. विंधन विहिरीचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या घरांत हा दोष लवकर उद्भवतो. टाकी रिकामी करून तापक काढावा, थर खरवडावा किंवा सौम्य आम्लाने विरघळवावा आणि गॅस्केट नवे घालावे. अ‍ॅनोड झिजला असल्यास तोही बदलावा. टाकी पूर्ण भरून नळातून अखंड धार येईपर्यंत वीज सुरू करू नये.

५. टाकी तापते, पण नळाला कोमट पाणी येते: मिक्सर नळातून थंड पाणी गरम पाण्यात मिसळत असते. गीझरचा थंड पाण्याचा कॉक बंद करूनही गरम नळातून पाणी येत राहिले, तर गळती मिक्सरमध्ये आहे. ३ किलोवॉटचा तात्काळ गीझर मिनिटाला ३ लिटर धारेत पाण्याचे तापमान केवळ १४ अंशांनी वाढवतो; तेथे नळ बारीक करणे हाच उपाय होय.

गॅस गीझर

गॅस गीझर पेटण्यासाठी पाण्याचा ठरावीक दाब आवश्यक असतो. गच्चीवरील टाकी ३ मीटर उंच असल्यास दाब केवळ ०.३ बार मिळतो, म्हणून वरच्या मजल्यावर तो पेटत नाही. ठिणगी पडत नसल्यास बॅटरीचे सेल बदलावेत; पाण्याच्या प्रवेशमार्गावरील जाळी स्वच्छ करावी. ज्योत निळीऐवजी पिवळी असल्यास ज्वलन अपुरे होत असून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नसतो. डोकेदुखी, चक्कर व बेशुद्धी या क्रमाने तो मृत्यू ओढवू शकतो. बंदिस्त न्हाणीघरात गॅस गीझर बसवू नये. उपकरण बाहेर मोकळ्या हवेत असावे.

बंब

बंब नीट पेटत नसल्यास नळीतील काजळी व जाळीवरील राख काढावी; हवा खालून आत आली तरच जाळ धरतो. पाणी नसताना बंब पेटवल्यास सांधे सुटतात व तो गळू लागतो. गळका बंब तांबटाकडून डाख लावून घ्यावा.

सुरक्षितता

नळाला किंवा पाण्याला हात लावताच झिणझिण्या आल्यास पाण्यातून बाहेर यावे आणि कोरड्या हाताने मुख्य बटण बंद करावे. तापकाच्या आवरणास तडा गेल्याचे ते लक्षण असते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि योग्य अर्थिंग नसलेल्या घरात गीझर दुरुस्त करण्यापूर्वी हे दोन्ही बसवून घेणे अधिक महत्त्वाचे ठरते. स्नानापूर्वी गीझर बंद करण्याची सवय कोणत्याही घरात उपयुक्त आहे.