बाटली आडवी की उभी?

चंद्रपूर जिल्ह्याला दारूबंदी हवी होती की नको? सरकारी दप्तरात या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही लोकांच्याच नावावर जमा आहेत.

पहिलं उत्तर पायी चालत गेलं. डिसेंबर 2010 मध्ये पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गार संघटनेच्या हाकेवर हजारो बाया चिमूरहून निघाल्या आणि नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर धडकल्या. जिल्ह्यातल्या पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. 1 एप्रिल 2015 पासून बंदी लागू झाली. दुसरं उत्तर कागदावरून आलं. 2020 च्या सुरुवातीला प्रशासनाने लोकांकडून निवेदनं मागवली. ती अडीच लाखांच्या वर गेली आणि त्यांतली बहुतेक ‘बंदी उठवा’ म्हणणारी निघाली. 27 मे 2021 ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली.

मग दहा वर्षांत जिल्ह्याचं मन फिरलं म्हणायचं का? थोडं फिरलं असेलही. बंदीच्या काळात दारू चोरून मिळतच होती, तीही चढ्या भावाने, आणि या खेळाला कंटाळलेली माणसं गावोगाव भेटायची. तरी मला वाटतं, मनापेक्षा विचारण्याची तऱ्हाच जास्त बदलली होती.

अडीच लाख हा आकडा दबकायला लावतो. पण 1936 मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाकडे याच्या जवळपास दहापट कागद जमले होते. त्यांनी सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, चोवीस लाखांच्या आसपास भरून परत आल्या, आणि त्या बळावर साप्ताहिकाने रूझवेल्टना हरवून त्यांचे प्रतिस्पर्धी लँडन अध्यक्ष होणार असं छापलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले होते आणि त्या मंदीच्या दिवसांत फोन असणारा गरीब कुठून मिळणार? शिवाय ज्याला चीड असते तोच कागद भरून टपालात टाकतो. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने फार थोड्या पण वेचून घेतलेल्या माणसांना विचारलं आणि विजेता बरोबर सांगितला.

निवेदन ही मागणी असते, नमुना नव्हे. 2011 च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्हा बावीस लाखांचा होता. ज्याला घाई असते तो अर्ज लिहितो, आणखी दहा सह्या गोळा करतो, तालुक्याला नेऊन देतो. उरलेल्यांचं मत त्या गठ्ठ्यात शोधायचं कुठे?

मूल तालुक्यातल्या एका गावात हाच प्रश्न घेऊन मी एका घरच्या छपरीत बसलो होतो. घरधनी बाजेवर, बाई दाराशी उभी. “दारू सुरू झाली ते बरंच झालं नाही का?” मी विचारलं. “हो,” ती म्हणाली आणि नवऱ्याकडे पाहिलं. मग ती पाणी आणायला निघाली, मीही उठलो. बोरिंगवर गुंड ठेवता ठेवता तिचा सूर बदलला. “बंद होती तवाबी भेटेच. पन तवा लपून आने, घरी येऊन गप निजे. आता चौकातूनच बोंबलत येते.” एकाच बाईची पंधरा मिनिटांतली ही दोन मतं. माझ्या वहीत मी कोणतं लिहायचं?

माझा प्रश्नही सरळ नव्हता, हे नंतर उमगलं. ‘बरं झालं नाही का’ असं विचारल्यावर माणूस ‘हो’ म्हणूनच मोकळा होतो. ब्रिटनमध्ये युरोपीय संघाचं सार्वमत ठरलं तेव्हा आधी ‘हो की नाही’ असाच प्रश्न होता. तिथल्या निवडणूक आयोगाने 2015 मध्ये तो बदलून ‘राहायचं की बाहेर पडायचं’ असा करायची शिफारस केली आणि ती मान्य झाली, कारण ‘हो’कडे तोल झुकतो अशी शंका होती. निकाल 51.9 विरुद्ध 48.1 इतका काठावरचा लागला, म्हणजे ती किरकिर वाया गेली नाही.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात शब्दाची गोची आणखी खोल आहे. तिथे 1993 पासून बंदी आहे, तिच्यामागे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या साथीने उभी राहिलेली लोकांची चळवळ होती. पण ‘तुम्ही दारू पिता का?’ असं एखाद्या माडिया आदिवासी म्हाताऱ्याला विचारा. त्याच्या डोळ्यांसमोर बाटली येते. देवाला वाहिलेला, लग्नात वाटलेला मोहाचा द्रोण त्याच्या लेखी वेगळा. तो ‘नाही’ म्हणेल, आणि खोटं बोललेला नसेल.

गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखात बहुमतही चालत नाही. धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाची ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढच्या बैठकीवर. दारूबंदीचा निर्णय गावाने असाच घेतला. हे लोकमत मोजता येत नाही, ते बसून घडवावं लागतं. मोठ्या गावात ते साधेल असं मला वाटत नाही.

मोजायचंच असेल तर मला आडवी बाटली आवडते. 2008 च्या शासन आदेशानुसार गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की परवान्याच्या दुकानासाठी गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात: आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. पडद्याआड नवरा नसतो, वाचता येण्याची गरज नसते, प्रश्न झुकलेला नसतो. अट मात्र कडक आहे. यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी करावी लागते. मतदानाला न आलेलीचं मत आपोआप उभ्या बाटलीला जातं.

आणि धान निघालं, हाताला काम उरलं नाही की या दोन्ही जिल्ह्यांतली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. फेब्रुवारी-मार्चात गल्लीतून चाललं तर दर तिसऱ्या-चौथ्या दाराला कुलूप दिसतं. आत बाज उभी करून ठेवलेली, अंगणात कोंबडीही नाही. मतदार यादीत मात्र त्या घरातली सासू, सून आणि लेक, तिघींचीही नावं असतात.