मानेचं दुखणं, बारडोली ते मुंबई

ऊसतोडीच्या हंगामात खानदेशातली माणसं बारडोलीला उतरतात. 1955 साली स्थापन झालेल्या इथल्या सहकारी साखर कारखान्याचा ऊस तोडायचा आणि मोळ्या डोक्यावरून वाहायच्या. मान धरली की तेल चोळायचं, दुसऱ्या दिवशी परत फडात. बहुतेकदा दुखणं स्नायूचंच असतं. नसतं तेव्हा काय, हे ओळखायला वैद्यकाला बराच काळ लागला.

त्या वाटेवरचं एक मोठं नाव बारडोलीजवळच्या सुरतचंच. 1925 साली तिथे जन्मलेल्या डॉ. नोशीर वाडियांनी मुंबईच्या जेजे रुग्णालयात न्यूरोलॉजी रुजवली. 1967 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्यांनी 28 रुग्णांचा अभ्यास मांडला. या रुग्णांचा मानेतल्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधला सांधा जन्मतःच सैल होता आणि सरकलेलं हाड मज्जारज्जूवर दाब देत होतं. सीटी स्कॅन तेव्हा निघालेला नव्हता, एमआरआय तर फारच पुढचा. मान वाकवून आणि ताठ ठेवून काढलेले एक्स-रे, रबरी हातोडी आणि रुग्णाशी सावकाश बोलणं, मुख्यतः एवढंच हाताशी होतं.

तरी तेवढ्यात पुष्कळ कळतं. बोटांत मुंग्या, एकाच हातात अशक्तपणा आणि हातोडी मारल्यावर तिथला झटका मंदावलेला, तर शंका मज्जातंतूच्या मुळावर. शर्टाचं बटण लागेना, पाय ताठ, गुडघ्याचा झटका जोरात आणि पायाच्या तळव्यावर ओरखडा काढला की अंगठा वर, तर दाब खुद्द मज्जारज्जूवर. अंगठ्याची ही खूण बाबिन्स्कीने 1896 मध्येच सांगितली होती! असा सैल सांधा पट्ट्या-स्क्रूंनी पक्का करण्याची पद्धत केईएमच्या डॉ. अतुल गोयल यांनी 1994 साली प्रसिद्ध केली. आज ती जगभर वापरतात.

अपघाताच्या मानेचा हिशोब वेगळा. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात 34,069 जखमींवर पाच प्रश्न तपासले गेले. मानेच्या मागे मधोमध दाबल्यावर दुखतं का, हातापायांत काही उणेपणा आहे का, माणूस पूर्ण शुद्धीवर आहे का, नशेत आहे का, दुसरी एखादी मोठी जखम लक्ष वेधून घेतेय का. पाचही ठीक असतील तर एक्स-रेची गरज सहसा पडत नाही. विनाकारण काढले जाणारे एक्स-रे टळावेत म्हणून निघालेल्या या नियमाने डॉक्टरांचा हात पुन्हा रुग्णाच्या मानेवर आणला, हे मला त्याचं मोठं यश वाटतं.

बारडोलीवरून जाणाऱ्या सुरत-धुळे महामार्गावर कुणी पडलेलं दिसलं, तर बखोटीला धरून उठवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. डोकं आहे तसंच हातांनी स्थिर धरा आणि 108 ला फोन करा.