आधी कागद, मग कडबा, मग घोडा



मार्गशीर्ष लागला की दोन गोष्टींची बोलणी गावोगावी सुरू होतात. एक जमिनीची. खरिपाचा पैसा हातात आलेला असतो आणि कुणीतरी सांगत येतो, "पलीकडच्या शिवारात साडेतीन एकर निघालंय, घेऊन टाका." दुसरी घोड्याची. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. त्यानंतर थोड्याच दिवसांत नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा येते. दोन्हीकडे घोड्यांचा मोठा बाजार असतो. कुणाला टांग्यासाठी, कुणाला वरातीसाठी, कुणाला निव्वळ हौसेसाठी घोडा हवा असतो.

समजा, यंदा तुमच्या मनात दोन्ही आहे. नवे रान घ्यायचे, तिथेच वस्ती करायची आणि दारात घोडा बांधायचा. बेत चांगला आहे. पण क्रम चुकला तर जन्माची पुंजी अडकते आणि मुके जनावर थंडीत हाल काढते. म्हणून या पत्रकात क्रमाने सांगतो. आधी कागद, मग कडबा, आणि सगळ्यात शेवटी घोडा.

१. रान बघायचे ते दोनदा

पौषात रान हिरवे दिसते, विहिरीला पाणी असते, मालकही चहा पाजतो. तेवढ्यावर भुलू नका. एकदा भर पावसात जाऊन पाणी कुठे तुंबते ते बघा. एकदा वैशाखात जाऊन विहिरीचा तळ बघा. तेवढी सवड नसेल तर शेजारच्या बांधावरच्या दोन माणसांना विचारा, "चैत्रानंतर मोट-मोटार किती वेळ चालते?" मालक सांगणार नाही ते शेजारी सांगतो.

घोडा ठेवायचा तर पाण्याचा हिशेब आणखी कडक हवा. साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात व कामाच्या दिवसांत त्याहून जास्त. विहिरीत चार हिस्सेदार असतील तर आपली पाळी किती दिवसांनी येते, हे तोंडी नको, कागदावर बघा.

रस्ताही बघा. उन्हाळ्यात मोकळ्या रानातून गाडी जाते म्हणून रस्ता आहे असे समजू नका. पेरणी झाली की शेजारी वाट बंद करतो. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली, आणि बांधावरून रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण दाद मागत बसण्यापेक्षा व्यवहाराआधीच रस्त्याचा उल्लेख खरेदीखतात करून घ्यावा.

२. सातबारा वाचायचा कसा

सातबारा सगळे काढतात, वाचतात थोडे. डिजिटल सहीचा ताजा उतारा काढा. दोन वर्षांपूर्वीचा मालकाच्या ट्रंकेतला उतारा चालणार नाही. मग या गोष्टी बोट ठेवून वाचा.

भोगवटादार वर्ग : वर्ग १ असेल तर मालकाला विकण्यास साधारणपणे मोकळीक असते. वर्ग २ असेल, म्हणजे आपण जिला नव्या शर्तीची म्हणतो ती जमीन, तर सरकारी परवानगीशिवाय सौदा करू नका.

इतर हक्क : इथे बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा लिहिलेला असतो. बोजा असेल तर तो फेडल्याचा दाखला आणि बोजा कमी झालेला उतारा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नावे : वडिलोपार्जित जमीन एकट्या भावाच्या नावावर दिसली तरी बहिणींना विसरू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. ज्यांचा ज्यांचा हिस्सा निघतो त्या सर्वांच्या सह्या घ्या. पाच वर्षांनी एखादी बहीण कोर्टात गेली तर चूक तिची नाही, घाई करणाऱ्याची आहे.

फेरफार : मालकाच्या नावावर जमीन कशी आली, ते फेरफारांच्या नोंदींवरून मागे मागे जाऊन बघा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून वकिलामार्फत तीस वर्षांचा शोध घ्यावा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात. या खर्चाला जड होऊ नका.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, म्हणून आपण शेतकरी असल्याचा आपला उतारा जवळ ठेवा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. कुणी "कुलमुखत्यारपत्रावर करून देतो" म्हणाला तरी त्या वाटेला जाऊ नका, ती जमीन पुढे परत जाऊ शकते आणि पैसा बुडतो. आणि मोठ्या गटातला छोटा तुकडा घेत असाल तर तुकडेबंदीचा नियम आड येतो का, ते तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, आधी विचारा.

इसार देण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. कागदावर साडेतीन एकर आणि बांधात तीन, असे पुष्कळ वेळा निघते. पैसे बँकेतूनच द्या. खरेदीखत नोंदले म्हणजे काम संपले असे नाही. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, त्यानंतर नोंद मंजूर होते. आपले नाव लागलेला नवा सातबारा हातात आला की मगच गोठ्याचा पाया खणा.

३. घोड्याआधी वैरण

आता कडब्याचा हिशेब करू. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज सुमारे ६ किलो कोरडी वैरण धरा. थंडीचे चार महिने म्हणजे १२० दिवस. झाले ७२० किलो. नासाडी धरून आठ क्विंटल. पेंढीचे वजन गावागावात वेगळे असते, म्हणून दहा पेंढ्या तोलून सरासरी काढा आणि तेवढ्या पेंढ्या बाजूला ठेवा. पुढचा उन्हाळाही याच वैरणीवर काढायचा आहे, हे विसरू नका. दोन गुंठे लसूण घास लावला तर रोज चार-पाच किलो हिरवा चारा निघतो आणि पोट साफ राहते.

दाणा कामाप्रमाणे द्यावा. हलक्या कामाला दिवसाला एक-दीड किलो पुरे : भरडलेला किंवा सहा-आठ तास भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, थोडे ओट किंवा बार्ली मिळाल्यास उत्तम. तो एकदम न देता दोन-तीन वेळा द्यावा. घोड्याचे पोट लहान असते. ज्या दिवशी घोडा बांधून असेल त्या दिवशी दाणा निम्मा करा. पूर्ण दाणा खाऊन दोन दिवस उभा राहिलेला घोडा कामाला जुंपला की त्याचे पुठ्ठे लाकडासारखे ताठ होतात, लघवी तांबडी-काळी होते. फाजील दाण्याने खुरांत दाह होऊन घोडा कायमचा लंगडाही होतो.

हे मात्र कधी घालू नका. बुरशी लागलेला मका वा कडबा, कारण मक्यावरच्या बुरशीच्या विषाने घोड्याचा मेंदू निकामी होतो. कोंबड्यांचे खाद्य, आणि पिशवीवर काय घातले आहे ते माहीत नसलेले गाईम्हशींचे खाद्यही नको. मोनेन्सिन नावाचे औषध अशा खाद्यांत असू शकते. कोंबडीला आणि गाईला ते सोसते, घोड्याचे हृदय मात्र त्याने बंद पडते. ज्वारीच्या कोवळ्या, हिरव्या फुटव्यातही घोडा चरायला सोडू नये. नुसत्या गव्हाच्या भुसावरही ठेवू नये. ते आतड्यात बसते.

४. गोठा : वारा अडवा, हवा अडवू नका

बारा बाय बारा फुटांची जागा आणि दहा फुटांवर छप्पर. उत्तरेकडून भिंत किंवा दाट कुड, तोंड पूर्वेला वा दक्षिणेला. जमीन मुरूम ठोकून उताराची करा म्हणजे मूत साचत नाही. रात्री कोरड्या काडाचा वा पेंढ्याचा बिछाना द्या, सकाळी ओला भाग काढून टाका.

पुष्कळ जण थंडी म्हणून गोठा चारी बाजूंनी गोणपाटाने बांधून टाकतात आणि आत शेगडी ठेवतात. असे करू नका. धष्टपुष्ट घोड्याला कोरडी थंडी सोसते, त्याची केसाळ कातडी त्याचसाठी असते. त्याला सोसत नाही तो ओलावा, अंगावर येणारा झोत आणि मुताचा उग्र वास. कोंडलेल्या शेगडीचा धूर तर माणसालाही मारतो. म्हातारा, रोडका, शिंगरू किंवा केस कापलेला घोडा असेल तर रात्री झूल घाला, पण भिजलेली झूल अंगावर ठेवू नका.

कामावरून आला की घामेजलेला घोडा वाऱ्यावर उभा करू नये. दहा-पंधरा मिनिटे सावकाश फिरवा, कोरड्या गवताने अंग चोळा, मग बांधा. रोज खरारा करा, खुरे उचलून साफ करा. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवा.

५. बाजारात डोळे उघडे ठेवा

भोवरे, देवमण, रंग यांवर यात्रेत दर चढतात. हौस आहे, तिला नाव ठेवत नाही. पण घोडा भोवऱ्यावर चालत नाही, पायावर चालतो. पहाटे, अंग थंड असताना, कडक जमिनीवर चालवून व दुडक्या चालीने पळवून बघा. गरम झालेला घोडा लंगडेपणा लपवतो. दात बघा : पाच वर्षांचा झाला की पुढचे सगळे दात पक्के झालेले असतात, वरच्या कोपऱ्याच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीजवळ खाच दिसू लागते. नाकातून पू येत असेल, जबड्याखाली गाठ असेल, अंगावर फुटलेल्या गाठींची माळ असेल, तर दोर हातात घेऊ नका.

ग्लँडर्स नावाचा रोग असा असतो. तो माणसालाही होतो आणि २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली कळवावाच लागतो. रोगी घोडा मारावा लागतो. म्हणून रक्ततपासणीचा दाखला मागा, खरेदीची पावती घ्या. घरी आणल्यावर तीन आठवडे इतर घोड्यांपासून दूर बांधा, बादली वेगळी ठेवा. धनुर्वाताची लस टोचून घ्या, घोड्याइतका हा रोग क्वचितच दुसऱ्या जनावराला लागतो. विकणाऱ्याकडून दोन-चार दिवसांची त्याची वैरण मागून आणा आणि आपली वैरण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा.

६. थंडीतला खरा वैरी : पोटशूळ

आता सगळ्यात महत्त्वाचे. कडाक्याच्या थंडीत घोडा पाणी कमी पितो, आणि खातो कोरडा कडबा. दोन्ही मिळून आतड्यात गोळा बसतो. घोड्याला ओकारी येत नाही, त्यामुळे आतले बाहेर पडायला दुसरी वाटच नसते. निरोगी घोडाही अशा वेळी एका रात्रीत जाऊ शकतो.

उपाय सोपा आहे. रात्रभर उघड्या टाकीत गारठलेले पाणी पहाटे दाखवू नका. विहिरीतून ताजे उपसलेले पाणी पहाटे कोमट लागते, ते दाखवा. दिवसातून तीन-चार वेळा पाणी दाखवा आणि किती बादल्या प्याला ते ध्यानात ठेवा. कडब्याची बारीक धूळ करू नका, बोटभर तुकडे करून पाणी शिंपडून द्या. रोज ३० ग्रॅम मीठ दाण्यात घाला, त्याने तहान लागते.

निरोगी घोडा दिवसात आठ ते बारा वेळा लीद टाकतो. लीद कमी झाली, कडक गोळ्या पडू लागल्या, घोडा पायाने जमीन उकरतो, कुशीकडे वळून बघतो, बसतो-उठतो, लोळतो, तर तो पोटशूळ समजा. समोरची वैरण उचला, मोकळ्या जागेत सावकाश फिरवा, आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सोय आहे. तोवर कुणी सांगितले म्हणून तेल, दारू, तंबाखूचे पाणी बाटलीने ओतू नका. ते फुफ्फुसात उतरले तर पोटशूळाने न मेलेला घोडा आपल्या हाताने मरतो.

मंडळी, घाई आपल्याला रानात महाग पडते तशी दावणीलाही पडते. यंदाच्या यात्रेपर्यंत सातबारावर नाव लागले नसेल, कडब्याची गंज उभी राहिली नसेल, तर यात्रेला जरूर जा, घोडे बघा, दर विचारा, चार जाणत्या माणसांशी बोला आणि रिकाम्या हाताने परत या. यात्रा पुढच्या वर्षीही भरणार आहे. तोवर रान आपले झालेले असेल, विहिरीचा उन्हाळा कळलेला असेल, आणि गोठ्यात येणाऱ्या जनावराला पहिल्या रात्रीपासून कोरडा बिछाना मिळेल.

हे पत्रक जपून ठेवा, शेजाऱ्याला वाचून दाखवा.