झरा, बेडूक आणि पाचवीतले परीक्षक

पाचवीतल्या मुलांना पुस्तकाचं परीक्षण लिहायला सांगितलं, की पहिल्या खर्ड्यात परीक्षण सोडून सगळं असतं. कथानक असतं, पात्रांची यादी असते, 'मला हे पुस्तक खूप आवडलं, तुम्हीही नक्की वाचा' असतं आणि खाली पाच तारे काढून पिवळ्या रंगाने भरलेले असतात. त्या ताऱ्यांवरून मुलांना मतापर्यंत आणायला महिनाभर तरी लागतो. न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत पाचवीला शिकवताना मी हा महिना नॅटली बॅबिट यांच्या 'टक एव्हरलास्टिंग'साठी राखून ठेवते.

न्यूयॉर्कच्या फॅरार, स्ट्रॉस अँड जिरू या प्रकाशनाने 1975 साली काढलेली ही कादंबरी दीडशे पानांच्या आत संपते. 1976 चं न्यूबेरी पदक तिला मिळालं नाही, ते सुझन कूपर यांच्या 'द ग्रे किंग'ला गेलं. तरीही अमेरिकेतल्या वर्गांमध्ये ती टिकून आहे. बॅबिट मुळात चित्रकार. नवऱ्याने लिहिलेल्या मुलांच्या पुस्तकाला चित्रं काढता काढता त्या या वाटेला लागल्या. आपल्या लहान मुलीला मरणाची भीती वाटायला लागली, तिच्यासाठी हे पुस्तक लिहिलं, असं त्या सांगत.

गोष्ट 1880 च्या ऑगस्टमध्ये ट्रीगॅप नावाच्या गावात घडते. विनी फॉस्टर ही दहा वर्षांची मुलगी घराच्या कुंपणाआड वाढलेली. घराजवळचं रान तिच्याच घरच्यांच्या मालकीचं, आणि त्या रानात एका मोठ्या झाडाच्या मुळाशी झरा. टक नावाच्या कुटुंबाने 87 वर्षांपूर्वी त्याचं पाणी प्यायलं. आईबाप, दोन मुलगे, घोडासुद्धा. तेव्हापासून त्यांना मरण नाही आणि वयही वाढत नाही. मांजर तेवढं प्यायलं नव्हतं, ते म्हातारं होऊन मेलं. विनीला हे गुपित कळतं. ते आणखी एकाला कळतं, पिवळा सूट घालणाऱ्या एका माणसाला. त्याला ते पाणी विकायचं आहे.

फँटसी म्हणावी तर जादू एवढीच. छडी नाही, ड्रॅगन नाही, मंतरलेला दरवाजा नाही. हॅरी पॉटरवर पोसलेली माझी मुलं पहिल्या आठवड्यात रीतसर तक्रार करतात, की या पुस्तकात काही घडतच नाही. त्यांचं चुकत नाही. सुरुवातीला ऑगस्टच्या उकाड्याचं वर्णन आहे. त्यानंतरचं पहिलं प्रकरण चक्क एका रस्त्याबद्दल आहे. हा रस्ता गाईंनी पाडला, त्या रानापाशी आल्या आणि आत न शिरता वळसा घालून पुढे गेल्या, म्हणून रस्ताही वळसा घालून गेला. मुलं जांभया देतात. मी काहीच समजावत नाही. वाचनवहीत तारीख टाका, 'कंटाळा आला' असंच लिहा आणि कुठल्या ओळीला आला तेही लिहा, एवढंच सांगते.

त्या नोंदी पुढे सोन्याच्या ठरतात. पुस्तक संपल्यावर मी त्यांना पुन्हा पहिल्या प्रकरणाकडे पाठवते. आता गाई कंटाळवाण्या राहत नाहीत. गाई सरळ रानातून गेल्या असत्या, तर मागून माणसं गेली असती, झरा सापडला असता आणि मग जगाचं काय झालं असतं? गेल्या वर्षी एका मुलाने आपल्याच जुन्या नोंदीखाली हिरव्या पेनाने लिहिलं, की सगळ्या जगाला गाईंनी वाचवलं आणि त्यांना ते ठाऊकही नाही. परीक्षण म्हणजे काय हे मी फळ्यावर कितीही लिहिलं असतं तरी त्या हिरव्या ओळीइतकं कुणाला कळलं नसतं. वाचून झालेल्या पुस्तकात मागे जाऊन लेखिकेने काय पेरलं होतं ते शोधायचं, आणि आपलं आधीचं मत बदललं का ते बघायचं.

आकडेमोड हाही आमचा लाडका भाग. टकांचा धाकटा मुलगा जेसी म्हणतो, मी 104 वर्षांचा आहे. दिसतो 17 चा. मग मुलं फळ्यावर धावतात. 104 वजा 17 म्हणजे 87. 1880 वजा 87 म्हणजे 1793. म्हणजे पाणी प्यायले तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होते! इथे वर्गात खरा गोंगाट होतो. मग कुणीतरी थोरल्या माइल्सकडे वळतं. तो 22 वर्षांचा असताना थांबला. त्याला बायको होती, दोन मुलं होती. नवऱ्याचं वय वाढत नाही हे पाहून तिला वाटलं, यानं सैतानाशी सौदा केला. ती मुलांना घेऊन निघून गेली. त्याची मुलगी अ‍ॅना आता ऐंशीच्या घरात असेल, असा हिशेब तो विनीजवळ करतो. बाप बावीसचा, लेक ऐंशीची. हे फळ्यावर मांडलं की गोंगाट आपोआप थांबतो.

बाराव्या प्रकरणाला मी कुणालाही मोठ्याने वाचू देत नाही, स्वतः वाचते. बाप अँगस टक विनीला होडीतून तळ्यात नेतो आणि पाण्याचं, उन्हाचं, ढगाचं, जगण्यामरण्याचं चाक तिला दाखवतो. आपलं कुटुंब त्या चाकावरून खाली पडलंय, हे त्याचं दुखणं. मुलं चटकन सांगतात, की पुस्तकाच्या अगदी सुरुवातीलाही चाक आहे, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याला जत्रेतल्या उंच पाळण्याची उपमा दिली आहे. हे मी शिकवत नाही. स्टिकी नोटांवर 'चाक' लिहून पान चिकटवत जा, एवढं आधी सांगितलेलं असतं.

हे प्रकरण वाचण्याआधीच पालकांना पत्र गेलेलं असतं, कारण वर्गात कुणाचे ना कुणाचे आजी-आजोबा नुकतेच गेलेले असतात. काही पालकांचे फोन येतात. आमच्या भागात भारतीय घरं बरीच आहेत, आणि त्यांच्या फोनचा सूर ठरलेला असतो: मरणाबिरणाचा विषय कशाला, एवढ्याशा मुलांसमोर? मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मुलं मात्र या विषयाला घाबरत नाहीत, असा माझा अनुभव आहे. ती घाबरतात ती मोठ्यांनी मधेच आवाज बारीक केला की.

आता ज्या प्रश्नावर हे पुस्तक शिकवणारे बहुतेक शिक्षक भर देतात त्याबद्दल. 'तुम्ही ते पाणी प्याल का?' वर्गाच्या एका भिंतीवर 'हो', दुसऱ्या भिंतीवर 'नाही', मुलांनी आपापल्या भिंतीशी उभं राहायचं. मजा येते, फोटो छान येतात. पण त्यानंतर लिहिलेली परीक्षणं वाचवत नाहीत. त्यात पुस्तक राहतच नाही. 'मी पिईन कारण मला सगळे व्हिडिओ गेम खेळायला मिळतील' हे मत झऱ्याबद्दल आहे, कादंबरीबद्दल नाही. म्हणून तो प्रश्न मी शेवटच्या दिवसावर ढकलला आहे. त्याआधी विचारायचं ते एवढंच: लेखिकेने काय केलं, आणि ते तुम्हाला पटलं का?

या प्रश्नाने मुलं वेगळीच होऊन बसतात. पिवळ्या सूटवाल्याला नाव का नाही? एका मुलीचा मुद्दा असा, की नाव दिलं असतं तर टकांच्या आईने, मे टकने त्याला बंदुकीच्या दस्त्याने मारल्यावर आपल्याला जास्त वाईट वाटलं असतं. नाव न देणं ही लेखिकेची लबाडी आहे. तिच्या शेजारच्याचं म्हणणं उलट: तो विनीला लोकांपुढे प्रयोगासाठी उभी करणार होता, त्याला नाव मिळायची लायकीच नव्हती. दोघांनीही पान क्रमांक दिले होते. दोघांनाही मी पूर्ण गुण दिले, आणि खरं सांगायचं तर मला पहिलीचं पटलं. हे पुस्तक त्या खुनाला फार सहज पोटात घालतं. मे टकला फाशी झाली तर ती मरणार नाही आणि गुपित फुटेल, या भीतीत आपण वाचक इतके गुंततो, की एक माणूस मेला आहे हे विसरून जातो.

जेसीचा प्रस्ताव हा दुसरा अवघड भाग. तो विनीला झऱ्याच्या पाण्याची बाटली देतो आणि म्हणतो, तू सतरा वर्षांची झालीस की पी, मग आपण लग्न करू. ती आता दहाची आहे. पूर्वी मुली हा भाग वाचून लाजत असत, असं जुन्या शिक्षिका सांगतात. आताच्या मुली भुवया उंचावून म्हणतात, तो 104 वर्षांचा आहे! मी हा भाग गुळगुळीत करत नाही. परीक्षणात तसंच लिहा, म्हणते. डिस्नेने 2002 मध्ये चित्रपट काढला तेव्हा विनीला पंधरा वर्षांची करून टाकलं आणि गोष्टीची प्रेमकथा केली. शेवटी चित्रपटाचे तुकडे दाखवते, तेव्हा एखादं मूल हे बरोबर पकडतं, की चित्रपटवाल्यांनाही हा भाग खटकला असणार, म्हणून त्यांनी वय वाढवलं. पण वय वाढवल्यावर विनीचं कुंपण पोकळ होतं. दहा वर्षांच्या मुलीचं घरातून पळणं आणि पंधराव्या वर्षीचं पळणं यात फरक आहे, हे दहा वर्षांच्या परीक्षकांना कुणी सांगावं लागत नाही.

आणि मग बेडूक. विनीच्या कुंपणापाशी रोज एक बेडूक येऊन बसतो. शेवटी कुत्र्यापासून त्याला वाचवल्यावर ती बाटलीतलं सगळं पाणी त्याच्यावर ओतते. गोष्ट तिथून थेट 1950 वर उडी मारते. टक नवरा-बायको ट्रीगॅपला येतात. रान उरलेलं नाही, वीज पडून झाड जळालेलं आहे. दफनभूमीत विनीचा दगड आहे, 1870 ते 1948. ती लग्न करून, आई होऊन, 78 व्या वर्षी गेली.

हा उपसंहार मी घरी वाचायला देत नाही, वर्गात वाचते. वाचून झाल्यावर मुलं चिडतात. दुःखापेक्षा रागच जास्त असतो: तिने कधी ठरवलं? का ठरवलं? लेखिकेने दाखवलं का नाही? इतकी वर्षं गाळून टाकायची हा काय प्रकार? वर्षातली सगळ्यात चांगली परीक्षणं याच रागातून निघतात.

पहिल्या खर्ड्यात बरीच मुलं लिहितात, की बेडकावर पाणी ओतलं तिथेच तिचं उत्तर आहे, तिने तेव्हाच नकार दिला. ऐकायला छान. मी एकेकाला जवळ बोलावून फक्त म्हणते, तो परिच्छेद पुन्हा वाच. गेल्या वर्षी एक शांत मुलगा पुस्तक घेऊन परत आला. पानावर बोट ठेवून म्हणाला, पण इथे ती विचार करते की रानात आणखी पाणी आहे, सतरा वर्षांची झाल्यावर हवं तर मिळेल. म्हणजे तिने अजून ठरवलेलंच नाही! सोयीचा अर्थ त्या दिवशी मोडला. त्याचं परीक्षण मग या मुद्द्यावर उभं राहिलं, की बॅबिट यांनी खरा निर्णय मुद्दाम लपवला, कारण तो दाखवला असता तर पुस्तकाने वाचकाच्या वतीने ठरवून टाकलं असतं. पाच ताऱ्यांपैकी त्याने चार दिले. एक तारा का कापलास विचारलं तर म्हणाला, तरी मला जाणून घ्यायचं होतं.

याच तुकडीत एका मराठी घरातल्या मुलाने अश्वत्थामा आणला. आजीने सांगितलं होतं, की तो अजून कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो. त्याची तुलना नेमकी होती: अश्वत्थाम्याला अमरत्व शिक्षा म्हणून मिळालं आणि टक कुटुंबाला चुकून, कुणाचाच दोष नसताना, म्हणून टकांची गोष्ट जास्त वाईट. पाचवीच्या 'मत मांडणे' या लेखनप्रकारात आमची गुणतक्ती मागते ते सगळं यात आहे: मत, कारण, मजकुरातला पुरावा. सहावीत याच प्रकाराला युक्तिवाद म्हणतात आणि सातवीपासून प्रतिपक्षही मांडावा लागतो. या मुलाने तो दोन वर्षं आधीच मांडला होता, पण गुणतक्तीत त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.

घरी हे पुस्तक मुलांबरोबर वाचणार असाल, तर इंग्रजी सोपी आहे म्हणून आठव्या वर्षी हातात देऊ नका, दहा-अकरापर्यंत थांबा. पहिल्या प्रकरणाला कंटाळा आला तर येऊ द्या, कुठे आला ते मात्र लिहून ठेवायला सांगा. बारावं प्रकरण तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा आणि उपसंहाराच्या वेळी मुलाजवळ बसा. चित्रपट पुस्तकाच्या आधी लावू नका. आणि ते पाणी प्याल का, हे विचारायची घाई करू नका. मुलं ते तुम्हालाच विचारणार आहेत, तेव्हा स्वतःचं उत्तर तयार ठेवा.