कुत्र्याची खाज आणि पिसवांचा बंदोबस्त
कुत्र्याने अंग खाजविणे ही इतकी नित्याची बाब आहे, की तो शेपटीच्या मुळाशी दातांनी केस कुरतडू लागून तेथील कातडी लालभडक होईपर्यंत धन्याचे तिकडे लक्षच जात नाही. अशा वेळी पहिला संशय पिसवांवर घ्यावा. कारण ज्या जनावरास पिसवेच्या लाळेचे वावडे असते, त्यास एकदोन दंशही कित्येक दिवस हैराण करण्यास पुरतात, आणि पिसू तर शोधूनही सापडत नाही. बारीक फणीने विंचरून निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावी. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती माती नसून पिसवेची रक्तमिश्रित विष्ठा होय. मात्र बंदोबस्त एकट्या कुत्र्याचा करून भागत नाही : अंडी अंथरुणात, सतरंजीत, फरशीच्या फटींत पडलेली असतात आणि कोश महिनोन् महिने तग धरतात. (घरात मांजर असल्यास तिलाही औषध हवे, पण कुत्र्याचे परमेथ्रिनयुक्त औषध तिला विषवत् असते.) पंजे चाटणे, कान वरचेवर चिघळणे ही लक्षणे दिसली, तर धूळ, पराग किंवा अन्न यांचा विचार करावा, पैकी अन्नाचा निर्णय पशुवैद्याच्या सल्ल्याने निदान 8 आठवडे, पूर्वी कधी न खाल्लेल्या पदार्थांवर कुत्र्यास ठेवूनच होतो, आणि आजीने मायेने टाकलेले एखादे बिस्किट ती सारी तपश्चर्या व्यर्थ घालविते.