वसतिगृहाच्या फरशीविषयी

ज्या व्हरांड्यात आपण वर्षानुवर्षे पंगतीला बसलात, त्याची फरशी काढावी की राखावी, हा प्रश्न यंदा आमच्यापुढे उभा राहिला. पावसाळ्यात दोन मुले घसरून पडली होती. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स घालाव्यात, असे अनेकांनी सुचविले. परंतु पॉलिश केलेली टाइल ओल्या पायांखाली अधिकच निसरडी होते आणि पनवेलचा पाऊस सर्वांच्या परिचयाचा आहे.

जुनी फरशी सिमेंटची आहे. अशी टाइल भट्टीत भाजत नाहीत. रंगीत सिमेंटचा थर साच्यात दाबून ती पाण्यात मुरवतात. शेजारच्या उरणमध्ये भारत टाइल्सने हे काम केले. ही कंपनी १९२२ साली स्वदेशीच्या प्रेरणेने सिधवा काका-पुतण्यांनी स्थापिली. रंगाचा थर जाड असल्याने ही फरशी घासून पुन्हा उजळता येते. तिचा वैरी म्हणजे ॲसिड. ते सिमेंटमधील चुना खाते, छिद्रे पडतात, त्यांत ओल धरून शेवाळ वाढते. मुले घसरली ती त्या शेवाळावर, आणि ॲसिड ओतीत होतो आम्हीच!

दांड्याने ठोकून जेथे पोकळ आवाज आला, तेथील फरशा उचलून पुन्हा बसविल्या. वावर थांबविणे अशक्य, म्हणून अर्धी रुंदी दोरी बांधून बंद ठेवली. माल घट्ट होईपर्यंत पाऊल पडू नये, हे दहा वर्षांच्या मुलास पटविणे कठीण. भोजनगृहाच्या दाराशी एक फरशी किंचित खचली आहेच. धुण्यास आता साधे पाणी व सौम्य साबण वापरतो. स्नानगृहाकडील पट्टा दिवाळीच्या सुट्टीत घेऊ.